पालकांच्या विनंतीवरून

खुर्शिदाआपाला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही शिकवायला कशा काय लागलात, तर ती सरळ सांगायची, "सूड घ्यायला." विचारणारा हसायचा. त्याला वाटायचं, बाई गंमत करतेय. आपा हसायची नाही. ती समोरच्या पोराची वही ओढून घ्यायची आणि चुकलेल्या गणितावर काट मारायची.

हल्ली लोक तिच्यावर भाषणं करतात. मागच्या वर्षी एका मंडळानं तिला शाल-नारळ दिला, तेव्हा एक पाहुणे तिला क्षमेची मूर्ती म्हणाले. मी खुर्चीतल्या खुर्चीत दातओठ खाल्ले. अहो, कसली क्षमा? त्या बाईनं उभ्या जन्मात त्या माणसाला क्षमा केली नाही, आणि केली नाही म्हणूनच आम्ही चाळीस-पन्नास पोरंपोरी माणसांत आलो. म्हणून खरं काय ते मी सांगते. माझं नाव अंबू. गाव भाटघर. वेल्ह्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तोंडानं फटकळ आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

आपाच्या वडलांचं, महंमदचाचांचं, भोरच्या एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आपा नववीत असताना नापास झाली. साल सत्त्याहत्तर. वर्गशिक्षकांनी चाचांना शाळेत बोलावलं आणि एक कागद पुढं केला. "इथं सही करा. पोरीच्या भल्याचं आहे." चाचांना मराठी बोलता फर्डं यायचं, पण लिहिण्यात सहीच्या पुढं गाडी नव्हती. त्यांनी सही केली. हातात शाळा सोडल्याचा दाखला आला. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यापुढं सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून.'

चाचांनी कसली विनंती केली होती? त्यांना तर पोरीला मॅट्रिक करायचं होतं. पण कागदावर सही त्यांची. पुढं सात-आठ वर्षं आपा घरात बसून साड्यांना फॉल लावत होती, आणि चाचा रोज मनाला लावून घेत होते, की आपणच पोरीचं वाटोळं केलं. आपा सांगायची, "मला काढलं त्ये मी गिळलं असतं. पर पाप त्येंनी केलं आन् सही माज्या बापाची घेतली, ते न्हाई गिळलं."

मग तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेबाहेरून दहावीला बसायचं असेल तर तो भरावा लागतो. चोविसाव्या वर्षी दहावी झाली, मग बारावी, मग बाहेरूनच बी.ए. बी.ए. चालू असतानाच, एकोणनव्वद साली, दुकानाच्या माळ्यावर तिनं वर्ग काढला. फक्त नववीतून काढलेल्यांसाठी. बसायला जुने टायर होते. आमच्या कपड्यांना ग्रीसचे डाग पडायचे आणि घरी बोलणी बसायची.

मधल्या काळात ते वर्गशिक्षक हेडमास्तर झाले होते. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. शाळेच्या फाटकावर दर जूनमध्ये फळा लागायचा, 'दहावीचा निकाल शंभर टक्के'. पेपरात सरांचा फोटो यायचा. आता शंभर टक्के लागतोच कसा? सोपं आहे. जो दहावीत पडेल असं वाटतं त्याला नववीतच पाडायचं, आणि परत नववीत बसू द्यायचं नाही. आईबापाला बोलवायचं, आधीच लिहून ठेवलेल्या अर्जावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि दाखला हातात ठेवायचा. धान्यातले खडे वेचल्यासारखं काम. खडे म्हणजे आम्ही.

चौऱ्याण्णव साली मी खडा झाले. इंग्रजीत चार मार्कांनी गेले आणि बीजगणितात सहा.

आता पुढचं सांगते. माझे वडील, गेनूआबा, शेतकरी माणूस, शाळेची पायरी चढलेला नाही. त्यांच्या आयुष्यात दाखला हा शब्द यायचा तो तहसील कचेरीत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला. दहा खेटे घालावेत, तेव्हा कुठं एक दाखला मिळावा. दाखला मिळाला म्हणजे काम फत्ते. शाळेत त्यांना कागद दाखवला, त्यांनी अंगठा उठवला, आणि एकाही खेट्याशिवाय दाखला हातात पडला. आबांना वाटलं, पोरगी पास झाली.

 मला माहीत होतं मी नापास आहे. घरी येईपर्यंत सांगेन म्हटलं, जेवताना सांगेन म्हटलं, आणि तोवर आबांनी सगळ्या आळीत सांगून टाकलं, अंबूला दाखला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईला म्हणाले, "पायली काढ. सरास्नी आंबेमोहर द्यायाचा."

पायली म्हणजे धान्य मोजायचं आमचं पितळी माप. आईनं काठोकाठ भरली. आबा म्हणाले, "शीग लाव की गं. गुरुजीला द्यायाचंय." मग आईनं काठाच्या वर टेकाड होईपर्यंत तांदूळ ओतले, बाजूनं ओघळायला लागले तेव्हा थांबली. त्या वर्षी घरात आंबेमोहर फार नव्हताच. आम्ही स्वतः जाडाभरडा खात होतो.

तांदूळ पिशवीत ओतून आबा निघाले, मी बरोबर गेले. सर व्हरांड्यात उभे होते. आबा वाकून म्हणाले, "पोरीला दाखला दिला सर, लई उपकार झालं." सरांनी आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं. कळलं ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, की बाबा, तुमची मुलगी नापास झाली आहे. ते बोलले नाहीत. पिशवीत हात घालून चिमूटभर तांदूळ नाकाशी नेले. "वा. वास छान आहे," म्हणाले आणि शिपायाला पिशवी घरी पोचवायला सांगितली.

जूनमध्ये आबा शाळेत विचारायला गेले, की दहावीचे वर्ग कधी सुरू होणार. शिपायानं त्यांना सांगितलं. व्हरांड्यात चार मास्तर होते, ते हसले म्हणे. आबा धरणाच्या रस्त्यानं चालत घरी आले, एसटीत बसले नाहीत. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, "तांदूळ तरी घ्यायाचं न्हवतं त्येंनी."

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पास होणं नंतर. त्या माणसानं भाटघरला यावं, माझ्या बापाच्या दारात उभं राहावं आणि ती पायली परत द्यावी. देव भेटला असता तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

पण नुसता राग माणसाला खातो. मी महिनाभर उंबऱ्याबाहेर पडले नाही. जेवण जाईना. हातात पुस्तक घेतलं की अक्षरं हलायची. शेवटी आबांनीच माझं मनगट धरलं आणि भोरला आपाच्या माळ्यावर नेऊन बसवलं. "हिला बरी करा," म्हणाले. शिकवा म्हणाले नाहीत.

आपानं पुस्तक काढलं नाही. म्हणाली, "दाखला आणलास? वाच. मोठ्यानं." मी वाचलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून.

"कुणाच्या विनंतीवरून?" आपानं विचारलं.

"पालकांच्या."

"तुज्या आबांनी केली विनंती?"

"न्हाई."

"मंग कुणाच्या? नीट सांग."

मी रडायला लागले. आपानं पदर नाही, पाटी पुढं केली. "रडू नगंस. पाटीवर पाणी पडलं की अक्षर फिसकटतं. लिही, कुणाच्या."

मी लिहिलं, 'मोठ्या सरांच्या विनंतीवरून.' माळ्यावरची बाकीची आठ पोरं बघत होती. त्यातला अमीर, स्टँडवर पेरू विकायचा तो, म्हणाला, "आमी पन ह्येच लिवलंय सगळ्यांनी." तिथं सगळ्यांचा पहिला धडा तोच होता. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन भाकरी खाल्ल्या.

शिकवायला आपा भयंकर होती. लाडीगोडी नाही. तिचा एकच मंत्र, "त्येला खोटं पाडायचंय. आन् खोटं पाडायला अडतीस मार्क न्हाई चालायचे, साठ पायजेत." इंग्रजीचं एक स्पेलिंग चुकलं की वीसदा लिहायचं. कंटाळलो की ती म्हणायची, "जा घरी. तिकडं फळा रंगवायला घेतलाय शंभर टक्क्यांचा." मग आम्ही परत बसायचो. लोक म्हणतात प्रेमानं शिकवलं तर पोरं शिकतात. शिकत असतील बाई. आम्ही चिडून शिकलो.

शहाण्णवच्या मार्चमध्ये आम्ही नऊ जण दहावीला बसलो. आणि नशीब बघा, केंद्र आमचीच शाळा. पहिल्या दिवशी फाटकात मोठे सर उभे. आम्हाला पाहून म्हणाले, "बाहेरचे विद्यार्थी तिकडं. पाठीमागच्या खोलीत." त्याच फाटकातून मी चार वर्षं आत गेले होते. मी फाटकातच थांबले. मागून आपाचा आवाज आला, "अंबे, कुणाच्या विनंतीवरून?" मी सरळ आत चालत गेले. पेपर असा लिहिला की बोटाला घट्टा पडला.

नऊपैकी आठ पास. अमीर बीजगणितात राहिला, तो ऑक्टोबरला सुटला. मला एकसष्ट टक्के.

मग आपानं तिचं खरं काम केलं. दुकानाची बाजूची भिंत शाळेच्या रस्त्याकडं तोंड करून होती. तिथं तिनं पत्र्याची पाटी ठोकली. अमीरनं सायकलच्या हिरव्या रंगानं लिहिलं, 'शेजारच्या शाळेने नववीत काढलेले, दहावी पास.' आणि खाली आमची नावं, टक्क्यांसकट. सर रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायचे. नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी निरोप आला, पाटी काढा. मग नगरपालिकेचा माणूस आला, तक्रार आहे म्हणाला. आपा त्याला म्हणाली, "वाचून दावा, यातला कंचा शब्द खोटा हाय. तेवढाच पुसते." त्यानं दोनदा वाचलं आणि चहा पिऊन गेला.

पाटीवर दर वर्षी नावं वाढत गेली. मी नर्सिंग केलं, सन दोन हजारात वेल्ह्याला लागले. रविवारी सुट्टी असली की सकाळच्या एसटीनं नसरापूरला यायचं, तिथून भोरला, आणि माळ्यावर पोरांना विज्ञान शिकवायचं. पण माझ्या मनातली पायली भरली नव्हती. पाटी आपाचा सूड होता. माझा बाकी होता.

सर दोन हजार एकमध्ये निवृत्त झाले. सत्काराच्या भाषणात म्हणाले, शाळेची परंपरा पुढच्यांनी जपावी. पुढच्यांनी जपली. दोन हजार पाचच्या मे महिन्यात, एका रविवारी, मी फळ्यावर हृदयाची आकृती काढत होते आणि माळ्याच्या शिडीवर धाप लागल्याचा आवाज आला. मोठे सर वर आले. हातात पेढ्याचा पुडा. मागं एक मुलगी, मान खाली, पंधरा वर्षांची. त्यांची नात, सुलक्षणा. नववी नापास.

त्यांच्या मुलाला शाळेत बोलावून अर्जावर सही घेतली होती. करावे तसे भरावे म्हणतात, पण भरताना नात पुढं येते हे काही बरोबर नाही, हे आज मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही. मी आपाच्या कानात म्हणाले, "हाकल."

आपा मला म्हणाली, "गप. पोरीनं काय केलंय?" मग सुलक्षणाला, "दाखला वाच." मुलीनं वाचला. शेवटच्या रकान्यापाशी आली आणि आजोबांकडं बघायला लागली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. खिडकीखालीच पाटी होती.

"सर, मी पोरीला घेते," आपा म्हणाली. "पेढं नगंत. या अंबूच्या बापानं, भाटघरच्या गेनूभाऊनं, चौऱ्याण्णव साली तुमाला पायलीभर आंबेमोहर दिला हुता. तेवढा त्येंच्या दारात न्हेऊन द्या. सोता न्या. आन् नातीला बरोबर न्या."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण गेनू?" म्हणाले.

मला वाटलं शिडीवरून ढकलून द्यावं. अकरा वर्षं मी ज्याच्यावर जगले, ते यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही नाकाशी नेऊन वास घेतला होता. वास छान आहे म्हणालात." सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. आठवलं. आठवलं ते मी पुन्हा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि भाटघरला जाऊन बसले. आबांना सांगितलं काहीच नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, जाऊ दे गं पोरी, म्हातारा माणूस हाय. भिडस्त माणूस माझा बाप.

बुधवारी सकाळी साडेनवाच्या एसटीनं सर उतरले. हातात दुकानातली पिशवी, मागं सुलक्षणा. आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. घामानं डबडबले होते. आई सवयीनं उठली, चहाला आधण ठेवायला. आबा तिला म्हणाले, "बस." माझ्या आठवणीत आबांनी दारात आलेल्या माणसाचा चहा अडवलेला मी पाहिला नव्हता.

तेव्हा मला कळलं, की आबा काहीच विसरले नव्हते, सांगायची गरजच नव्हती.

"गेनूबा," सर म्हणाले, "तुमचे तांदूळ आणलेत. मी ते घ्यायला नको होते." एवढंच बोलले, आणि पिशवी पुढं केली.

आबांनी पिशवी घेतली नाही. आत गेले आणि पायली घेऊन आले. तीच पितळी. अंगणात सुपात ठेवली आणि सरांना म्हणाले, "ओता." सरांनी ओतायला सुरुवात केली.  पिशवी रिकामी झाली. तांदूळ बरोबर काठाला लागले. ना कमी, ना जास्त. दुकानदाराला विचारून मोजून आणले असणार.

आबा खाली बसले. काठावरून आडवा तळवा फिरवला, एकही दाणा अडला नाही. मग वर बघून शांतपणे म्हणाले, "सर, म्या शीग लावून दिल्ती."

 सुलक्षणानं विचारलं, "आजोबा, शीग म्हणजे काय?"

अख्ख्या भोरला मराठी शिकवलेला माणूस. त्यांना उत्तर द्यायला इतका वेळ लागला, की आमची कोंबडी सुपापर्यंत आली आणि आईनं तिला हाकललं. "माप भरल्यावर," सर म्हणाले, "वर घालतात ते. कुणी मागितलेलं नसतं. देणारा आपल्या मनानं घालतो."

"मग तुम्ही का नाही घातलं?" पोरगी म्हणाली.

सरांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. आबा म्हणाले, "उंद्या आणा. घाई न्हाई." पायली तशीच अंगणात ठेवली, वर परात झाकली. दुपारची एसटी येईपर्यंत आजोबा आणि नात रस्त्यावरच्या दगडावर बसून होते. मी दारातून बघत होते. इतक्या वर्षांत मनात शंभर वेळा मी त्यांना शिव्या घातल्या होत्या. तेव्हा एकही तोंडात आली नाही, कारण माझ्या बापानं माझ्यापेक्षा भारी काम केलं होतं.

सुलक्षणा दोन वर्षांनी चौसष्ट टक्क्यांनी पास झाली. आपानं विचारलं, तुजं नाव पाटीवर घालू की नको, तुज्या आजोबाला रोज दिसंल. ती म्हणाली, घाला, आडनावासकट. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. पाटीवर आहे, जाऊन वाचा.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी सर पुन्हा साडेनवाच्या एसटीनं आले. एकटेच. रुमालाची गाठ सोडली, आत दोन मुठी आंबेमोहर होता. आबांनी परात काढली. सरांनी वाकून पायलीवर तांदूळ घातले, टेकाड झालं, दाणे बाजूनं सुपात ओघळायला लागले तरी ते घालत राहिले. आबांनी त्यांचा हात धरून थांबवला.

मग मला म्हणाले, "अंबे, च्या ठेव."